झडपांचा विभाग : केईएमची हृदयशस्त्रक्रिया, पेण-रोह्याकडून पाहताना

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या हृदयशस्त्रक्रिया विभागाचा इतिहास म्हटला की सगळ्यांना एकच महिना आठवतो : फेब्रुवारी १९६८. त्या महिन्यात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण करून जेमतेम अडीच महिने झाले होते. बर्नार्ड, कँट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर हे धाडस करणारे सेन हे जगातले चौथे शल्यचिकित्सक. रुग्ण तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला, तो रुग्ण चौदा तास. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९९४ साल उजाडलं. ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं, आणि त्याच वर्षी अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही आला होता.

रुग्णालयाच्या शताब्दीच्या स्मरणिकेत हे पान येणारच, आणि यायलाच हवं. पण रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याकडच्या कुणाला केईएमच्या हार्टच्या वॉर्डाबद्दल विचारा, प्रत्यारोपणाचं नाव निघणार नाही. निघेल ते ‘वॉलच्या ऑपरेशन’चं, म्हणजे हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेचं. कुणाची आई, कुणाची चुलती, कुणाची शाळा सुटलेली बहीण. ज्या कामासाठी विभाग वर्तमानपत्रात झळकला ते तेव्हा दोनदा झालं. ज्यासाठी कोकणातून माणसं येत राहिली ते वर्षानुवर्षं, आठवड्यामागून आठवडा चाललं. केईएममध्ये शिकून पेणला दवाखाना घातलेल्या माझ्यासारख्याला विभागाचा इतिहास लिहायचा तर तो झडपांचाच लिहावा लागेल.

रुग्णालय १९२६ सालचं. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं तेव्हा विश्वस्तांनी अट घातली होती की शिकवणारे सगळे भारतीय असावेत, सरकारी नोकरीतले नसावेत. ब्रिटिश अंमलात ही अट घालणं हेच एक विधान होतं. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. इमारत जॉर्ज विटेट यांची, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया ज्यांनी आखलं त्यांचीच. आणि जागा गिरणगावाच्या ऐन मध्यात. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व इमारतीपेक्षा अधिक. परळ-लालबागच्या चाळींतल्या एकेका खोलीत कोकणातले दहा-दहा, पंधरा-पंधरा गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला मुंबईतलं दुसरं काही ठाऊक नसलं तरी केईएम ठाऊक होतं. तिथे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर गावचा कुणी ना कुणी राहात असे.

त्या खोल्यांचा आणि झडपांच्या या आजाराचा संबंध आहे. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. घसा दुखवणारा जिवाणू स्ट्रेप्टोकोकस असेल, तर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा, परवा घोटा. हा संधिवाताचा ताप, डॉक्टरी भाषेत र्‍हुमॅटिक फीवर. जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली शस्त्रं चुकून स्वतःच्याच हृदयावर चालतात. सांधे पूर्ववत होतात, झडपा होत नाहीत. दाटीवाटीने राहणाऱ्या घरांत घशाचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो, म्हणून हा गरिबांचा आजार ठरला. चाळींतला आणि वाड्या-पाड्यांतला.

सर्वाधिक मार बसतो तो डाव्या बाजूच्या द्विदल झडपेला. फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त हिच्यातून खालच्या कप्प्यात उतरतं. निरोगी झडप उघडते तेव्हा चार ते सहा चौरस सेंटिमीटर जागा मिळते. संधिवाताच्या तापाने तिच्या दोन पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात, खालचे दोर जाड आणि आखूड होतात, आणि वाट दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली, कधी एकाच्याही खाली येते. रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. बाई पहिल्यांदा म्हणते, ‘चढ चढताना दम लागतो’. मग, ‘हंडा घेऊन येताना दम लागतो’. शेवटी, ‘आडवं पडलं की दम लागतो’, आणि ती रात्रभर भिंतीला टेकून बसते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हा आजार मध्यमवयाचा म्हणून छापला होता. आपल्याकडे बारा-पंधरा वर्षांच्या मुलांतच झडप पूर्ण आवळलेली दिसे. एम्सच्या डॉ. एस. बी. रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे जगापुढे मांडलं, तोवर केईएमच्या वॉर्डात हे रोजचं दृश्य झालेलं होतं.

आवळलेली झडप बोटाने उघडता येईल ही कल्पना केईएमपेक्षा एक वर्षाने मोठी. लंडनचे हेन्री सूटार यांनी १९२५ मध्ये एका किशोरवयीन मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप चाचपली, थोडी सैल केली. मुलगी वाचली. तरीही फिजिशियन मंडळींनी सूटार यांच्याकडे दुसरा रुग्ण धाडला नाही! हृदयाला हात लावायचा नसतो, ही त्या काळची पक्की समजूत. त्यानंतर तेवीस वर्षं कुणाला यश आलं नाही. मग जून १९४८ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि सहा दिवसांच्या अंतराने बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांना यश आलं, त्याच वर्षी लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनाही. बेलींचे आधीचे रुग्ण दगावले होते, आणि या रुग्णानंतरच जग त्यांच्या बाजूने झालं. आपल्याकडे वेल्लोरला अमेरिकन शल्यचिकित्सक रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला होता. मुंबईत पन्नासच्या दशकात सेनांनी ही शस्त्रक्रिया केईएमच्या नेहमीच्या कामात आणली.

ती कशी होत असे ते सांगायला हवं, कारण आज ती बघितलेले सर्जन थोडे उरले आहेत आणि केलेले त्याहून थोडे. छाती डाव्या बाजूने, स्तनाखाली बरगड्यांमधून उघडायची. हृदय चालूच असायचं. थांबवण्याची सोय नव्हती. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखं एक टोक असतं. त्याभोवती बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालायचा, टोकाला छेद द्यायचा, आणि तर्जनी आत जाताच मदतनिसाने नाडी आवळायची म्हणजे रक्त उसळत नाही. आता सर्जनला काही दिसत नाही. जे कळतं ते बोटाच्या पेराला. चिकटलेली कड कुठे आहे, किती टणक आहे, चुना बसलाय का, रक्ताची धार मागे उलटी मारतेय का, हे सगळं काही सेकंदांत ठरवायचं, कारण बोट झडपेत असताना रुग्णाचं रक्ताभिसरण जवळपास थांबलेलं असतं. कड नुसत्या बोटाने फुटली तर उत्तम. नाही फुटली तर खालून, हृदयाच्या टोकातून, टब्जचा डायलेटर घालायचा, वरच्या बोटाने त्याची दिशा धरायची आणि तो उघडायचा. चुकून पाकळी फाटली तर आवळलेल्या झडपेची गळकी झडप होई, आणि त्या काळात गळक्या झडपेला उपाय नव्हता. टोकात गुठळी लपलेली असली आणि ती सुटून मेंदूकडे गेली, तर बाई शुद्धीवर येई ती एक बाजू लुळी घेऊन.

हे सगळं मान्य करूनही म्हणावंसं वाटतं की भारतासारख्या देशाच्या पदरात पडलेल्या शस्त्रक्रियांत ही सर्वांत शहाणी होती. यंत्र नको, परदेशी झडप नको, रक्ताच्या बाटल्या मोजक्या. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत बाई घरी. आणि झडप तिची स्वतःचीच राही. पाश्चात्त्य देशांनी हृदय-फुप्फुस यंत्र हाती आल्यावर ही बंद शस्त्रक्रिया सोडून दिली, आपण पुढे कितीतरी वर्षं करत राहिलो. काही जण त्याला मागासलेपण म्हणत. मला तसं वाटत नाही.

सेनांचा विभाग एका माणसाचा नव्हता. डॉ. गजानन परुळकर त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे विभागाचे व संस्थेचेही आधारस्तंभ ठरले, डॉ. शरद पांडे प्रत्यारोपणाच्या तुकडीत होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर डॉ. एस. जी. किनरे झडपा आणि महाधमन्या उघडून पाहत, आणि सर्जनला हाताला लागलेलं खरं होतं की नाही ते तिथे कळे. सेन, किनरे, इंजिनीअर आणि परुळकर यांनी १९६३ मध्ये महाधमनी मध्येच आवळण्याच्या विकारावर लिहिलेला लेख आजही उद्धृत होतो. हृदयरोगाच्या बाजूला डॉ. के. के. दाते होते. शवासनाने रक्तदाब उतरतो का, याची १९६९ मध्ये चाचणी छापणारे तेच. बंद शस्त्रक्रियेत निदान चुकलं तर सर्जन फसतो, म्हणून फिजिशियनच्या कानावर सगळं अवलंबून असे. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटी हलकेच टेकवायची आणि ती खोल, घरघरती ओळ ऐकायची. आम्ही ती केईएमच्या वॉर्डात शिकलो. पुढे पेणच्या दवाखान्यात, पंखा बंद करून, तीच ऐकत राहिलो.

आमच्याकडून जाणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचा आजार उघडा पडे तो गरोदरपणात. गरोदर बाईच्या शरीरात रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. जी झडप लावणीच्या दिवसांत कशीबशी साथ देत होती, ती पाचव्या-सहाव्या महिन्यात देईनाशी होते. बाई फेसाळ खोकत येते. अशा बाईची बंद शस्त्रक्रिया पोटात बाळ असताना होई, आणि पुढे ती बाळंतही सुखरूप होई. हृदय-फुप्फुस यंत्रावर बाळाला जो धोका असतो तो इथे नव्हता. आमच्या भागात आज पन्नाशी-साठीत असलेली काही माणसं अशा आईच्या पोटात असताना परळला जाऊन आलेली आहेत.

जाणं सोपं नव्हतं. एके काळी पेणची माणसं धरमतरहून आगबोटीने मुंबई गाठत. रस्त्याने जायचं तर पनवेल, मग ठाण्याला वळसा; वाशीचा खाडीपूल १९७३ चा. रेल्वे रोह्याला पोचली १९८६ मध्ये. दम लागलेल्या माणसाला एसटीत उभ्याने नेणं म्हणजे काय, हे नेणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय हंगाम. खारपट्टीतल्या भाताची कापणी, मिठागरं, वीटभट्टी आणि हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतलं गणपतीचं काम. ‘एवढा हंगाम जाऊ दे, मग करू ऑपरेशन’ हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक डॉक्टरने ऐकलंय. कातकरी कुटुंब भट्टीवर गेलं की सहा महिने त्यांचा पत्ताच नसे. नातेवाईक रक्त द्यायला घाबरत, मग गावातली चार तरणी पोरं गोळा करून परळला धाडावी लागत. मुक्कामाला चाळीतली खोली, पुढे गिरण्या गेल्या तशा खोल्याही गेल्या, आणि मग नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्थांचा आसरा किंवा सरळ रुग्णालयाबाहेरचा पदपथ.

साठच्या दशकापासून चित्र पालटलं. हृदय थांबवून, उघडून, डोळ्यांनी पाहून काम करता येऊ लागलं, आणि १९६० मध्ये आलेल्या स्टार-एडवर्ड्स झडपेने खराब झडप काढून नवी बसवण्याची वाट दाखवली. आपल्याकडे प्रश्न किमतीचा होता. आयात झडपेची किंमत ऐकून शेत गहाण टाकायची भाषा होई. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि अभियंता भुवनेश्वर यांनी देशी झडप घडवायला घेतली. आधीचे तीन नमुने फसले. चौथा, धातूची चौकट आणि प्लास्टिकची चकती असलेला, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसला, आणि त्यातून देशाला परवडणारी झडप मिळाली. या गोष्टीची गणना आपण अवकाशयानांच्या बरोबरीने करत नाही, करायला हवी.

पण स्वस्त झडपेनेही एक प्रश्न सुटत नाही, आणि तो परळला दिसत नाही, पेणला दिसतो. धातूच्या झडपेवर रक्त गोठतं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती किती घ्यायची ते रक्ताच्या तपासणीवर ठरतं. आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली घसरला तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाते. वर चढला तर दात घासताना रक्त थांबत नाही. हा आकडा हिरव्या पालेभाज्यांनी बदलतो, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. आता आमच्याकडचा पावसाळा आठवा. जून-जुलैत बाजारात आणि रानात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू. ज्या घरात भाजी विकत घ्यायला पैसे नसतात तिथे रोज रानभाजी. मेमध्ये बरोबर असलेला आकडा श्रावणापर्यंत ढासळलेला. ‘पालेभाजी बंद’ असं कार्डावर लिहून भागत नाही. ‘रोज सारखीच खा’ हा सल्ला बरा, पण रानातली भाजी माप धरून उगवत नाही. गोळी संपली, एसटी चुकली, मजुरी बुडेल म्हणून तपासणी राहिली, या कारणांनी उत्तम बसवलेली झडप बिघडून आलेले रुग्ण तालुक्यातल्या प्रत्येक जुन्या डॉक्टरने पाहिलेत. शिवाय बाई तरुण असेल तर ही गोळी गर्भाला बाधते. वीस वर्षांच्या सुनेला धातूची झडप बसवताना तिच्या पुढच्या बाळंतपणांचा निर्णय त्याच टेबलावर होत असतो.

म्हणूनच झडप बदलण्यापेक्षा दुरुस्त करण्याचं महत्त्व मला तांत्रिक वाटत नाही. पॅरिसचे आलँ कार्पांतिए यांनी दुरुस्तीचं शास्त्र पद्धतशीर उभं केलं आणि १९८३ मध्ये ते एका प्रसिद्ध निबंधात मांडलं. चिकटलेल्या कडा नजरेसमोर कापून मोकळ्या करणं, जाड झालेले दोर उभे चिरून सुटे करणं, आक्रसलेल्या पाकळीला रुग्णाच्याच हृदयावरणाचा तुकडा जोडून ती मोठी करणं, पसरलेल्या घेराला कडं शिवून आकार देणं, ही त्यातली कामं. पाश्चात्त्य देशांत आता दुरुस्तीला येणाऱ्या झडपा बहुतेक झिजलेल्या, सैल पडलेल्या. आपल्या झडपा संधिवाताने जळलेल्या. त्यांत दाह आतून चालूच असतो, आज शिवलेलं दहा वर्षांनी पुन्हा आवळतं. म्हणून अनेकांनी आपल्याकडे दुरुस्तीचा नाद सोडा असंच सांगितलं. दिल्लीला डॉ. संपतकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या संधिवाती झडपाही दुरुस्त करून त्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. दुसरं ऑपरेशन लागेल, ते काहींना लागतंच. पण मधली वर्षं गोळीशिवाय गेली, त्यांत लग्न झालं, मुलं झाली. पेणच्या हिशेबात ही वर्षं मोलाची ठरतात.

दरम्यान जपानचे कांजी इनोए यांनी १९८२ मध्ये मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची युक्ती काढली. बोटाचं काम फुग्याने घेतलं. छाती न उघडता, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. बंद शस्त्रक्रिया पाहता पाहता मागे पडली, आणि सर्जनकडे उरल्या त्या चुना बसलेल्या, गळक्या, दोनदा-तीनदा आवळलेल्या अवघड झडपा. १९७०-८० मध्ये मुलीच्या वयात बोटाने झडप उघडून गेलेल्या बाया पुढे प्रौढ वयात याच विभागात परत आल्या. डाव्या स्तनाखालचा जुना व्रण पाहून नव्या निवासी डॉक्टरला तो कसला ते विचारावं लागे.

पैशाची बाजू उशिरा का होईना सुधारली. १९९७ मध्ये राज्याची जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आधी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. पुढे तीच महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. शेत विकून ऑपरेशन करण्याचं प्रमाण घटलं, हे दवाखान्यात बसून कळतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि शिवडीला उतरलं की परळ आलंच. त्याच वर्षी केईएममध्ये पुन्हा हृदयप्रत्यारोपण झालं, छप्पन्न वर्षांनी. वर्तमानपत्रांनी त्याची योग्य ती दखल घेतली.

रुग्णालयाच्या शंभरीला आमच्या बाजूने विभागाकडे काही मागायचं तर ते साधं आहे. संधिवाताचा ताप झालेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन मिळालं तर झडप पुढे बिघडण्याचा धोका खूप कमी होतो. पण रिअॅक्शनच्या भीतीने ते द्यायला खाली कुणी धजत नाही. केईएमच्या डॉक्टरांनी वर्षातून दोनदा पेणला, दोनदा रोह्याला येऊन आम्हाला आणि आमच्या नर्सना ते न घाबरता द्यायला शिकवावं. आणि धातूची झडप बसवलेल्या माणसाने रक्त इथेच द्यावं, आकडा फोनवर परळला जावा, गोळी किती घ्यायची ते संध्याकाळच्या आत परत यावं. एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी वाचेल, आणि परळला बसवलेली झडप इथे टिकेल.